सायटोकाइनचा आकडा कसा वाचावा : रक्तविकार आणि कर्करोगातील प्रतिकारसंस्थेचे निरोप

रक्ताच्या अहवालात ‘इंटरल्यूकिन-६’ या नावापुढे मोठा आकडा आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण दिसला, की वाचणाऱ्याच्या मनात ‘हे वाईट आहे का?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर त्या एका आकड्यात सापडत नाही. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. निरोप किती मोठ्याने दिला एवढेच कळून भागत नाही. तो कोणी दिला, कोणासाठी दिला आणि ऐकणाऱ्याने त्यावर काय केले, हे समजल्याशिवाय आकडा मुकाच राहतो. रक्तविकार किंवा कर्करोग यांच्या संदर्भात असा अहवाल, एखादा संशोधनलेख किंवा नव्या औषधाची बातमी हाती आली, तर ती कोणत्या क्रमाने वाचावी हे पुढे मांडले आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो. या वाचनाचा उपयोग त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा यासाठी आहे.

नावावरून काम ओळखू नये

सायटोकाइन ही पेशींनी स्रवलेली लहान प्रथिने असतात आणि ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांचे ग्राही (निरोप पकडणारी प्रथिने) असतात त्याच पेशीला त्यांचा निरोप ऐकू येतो. त्यांची नावे बहुधा शोधाच्या वेळी जे काम प्रथम नजरेस पडले त्यावरून पडली आणि पुढे काम कितीही वेगळे निघाले तरी तशीच राहिली. विषाणूंच्या वाढीत अडथळा आणणारा म्हणून १९५७ साली जो पदार्थ ओळखला गेला त्याला इंटरफेरॉन म्हटले गेले. त्याच कुळातील इंटरफेरॉन-अल्फाला १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली. १९७५ मध्ये उंदरांच्या रक्तात गाठींचा नाश करणारा घटक आढळला आणि त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, असे पडले. दहा वर्षांनी असे उघड झाले, की दीर्घ आजारात शरीर खंगवणारा म्हणून ज्या पदार्थाचा स्वतंत्रपणे शोध चालू होता तो हाच. गाठ मारणारा आणि रुग्णाला खंगवणारा रेणू एकच असू शकतो, हे एकदा लक्षात आले म्हणजे नावावर विसंबण्याची सवय सुटते. ‘इंटरल्यूकिन’चा शब्दार्थ ‘पांढऱ्या पेशींच्या दरम्यानचा’ असा आहे, परंतु इंटरल्यूकिन-६ हे व्यायामाच्या वेळी स्नायूंतूनही येते, चरबीच्या पेशींतूनही येते, आणि त्याचा सर्वांत तत्पर श्रोता यकृत आहे.

म्हणून वाचताना प्रत्येक नावाशेजारी त्याची त्या प्रसंगातील भूमिका लिहून ठेवावी. इंटरल्यूकिन-१, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे प्रामुख्याने धोक्याची सूचना देतात. केमोकाइन पेशींना विशिष्ट जागी बोलावतात किंवा तेथे थोपवून धरतात. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा बहुधा प्रतिकाराला आवर घालतात. तर एरिथ्रोपोएटिन, थ्रॉम्बोपोएटिन आणि जी-सीएसएफ हे अस्थिमज्जेला अनुक्रमे तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल तयार करण्यास सांगतात. ही वाटणी पेन्सिलीने करावी, कारण ती प्रसंगाप्रमाणे खोडावी लागते.

पाठवणारा कोण आणि ऐकणारा कोण

दीर्घकाळ चाललेल्या दाहात किंवा कर्करोगात होणारा रक्तक्षय हे या रीतीचा सराव करण्यासाठी मला सर्वांत चांगले उदाहरण वाटते, कारण त्यातील निरोपाचा प्रवास जवळजवळ पूर्ण माहीत आहे. दाहाच्या जागी असलेल्या भक्षकपेशी (जंतू आणि जुन्या पेशी गिळणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज) इंटरल्यूकिन-६ स्रवतात. ते यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करते. पेशींतून लोह बाहेर पडण्याचे एकमेव दार म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. हेप्सिडिन त्याला चिकटले की ते दार मोडीत निघते. तांबड्या पेशी बनवण्यासाठी शरीराला रोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, आणि आहारातून त्यातले जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम येते. उरलेले सर्व भक्षकपेशी जुन्या तांबड्या पेशी मोडून परत देतात. दार बंद झाल्यावर हे परत मिळणारे लोह भक्षकपेशींतच अडकून पडते. कोठार भरलेले असूनही अस्थिमज्जा उपाशी राहते. भरीस भर म्हणून टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींची वाढ दाबतात आणि एरिथ्रोपोएटिनला मिळणारा प्रतिसादही मंदावतो.

हा प्रवास माहीत असलेला वाचक अहवालातील फेरिटिनकडे वेगळ्या नजरेने पाहतो. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते, पण दाहामुळे ते स्वतःही वाढते. त्यामुळे दाह असलेल्या रुग्णात फेरिटिन ‘सामान्य’ आले म्हणून लोहाची कमतरता नाही असे धरता येत नाही. सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) लोह आणि ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाची संपृक्तता तर लोहाची कमतरता आणि दाह या दोन्ही अवस्थांत कमीच असते. फरक दिसतो तो लोह वाहून नेण्याच्या एकूण क्षमतेत, म्हणजे टीआयबीसीमध्ये: साध्या कमतरतेत ती वाढते, दाहात ती कमी किंवा सामान्य राहते. दोन्ही कारणे एकाच रुग्णात एकत्र असली की चित्र पुसट होते, आणि कर्करोगात तसे वारंवार घडते. अशा वेळी फेरिटिनच्या शेजारी सीआरपी (दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन) ठेवून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाठवणारा कोण आणि ऐकणारा कोण, हाच प्रश्न कर्करोगाला लावला की उत्तरे निराळी येतात. मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मापेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या) कर्करोगात अस्थिमज्जेतील आधारपेशी इंटरल्यूकिन-६ पुरवतात आणि रोगग्रस्त प्लाझ्मापेशी त्यावर पोसल्या जातात. येथे पाठवणारा निरोगी आणि ऐकणारा रोगी आहे. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात याच्या उलट चित्र दिसते. गाठीतील खऱ्या कर्कपेशी अनेकदा एकूण पेशींच्या १ ते ५ टक्केच असतात, आणि बाकीची गाठ त्यांनी इंटरल्यूकिन-५ व केमोकाइन यांसारखे निरोप धाडून जमवलेल्या निरोगी पेशींची असते. ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणारा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम आणि ६ महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजन घटणे, ही ‘बी’ लक्षणे म्हणून नोंदवली जातात; ती मुख्यतः या निरोपांच्या कल्लोळाची लक्षणे आहेत.

मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेत तंतू साठणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात तर निरोप पोहोचवणारी पेशीच्या आतली तारच बिघडलेली असते. जॅक-२ हे प्रथिन सायटोकाइनच्या ग्राहीला आतून जोडलेले असते आणि बाहेर निरोप आला की चालू होते. त्यातील व्ही-६१७-एफ हा बदल २००५ मध्ये सापडला. या बदलामुळे निरोप आलेला नसतानाही तार वाजत राहते, पेशी भरमसाट वाढतात आणि त्या स्वतः दाहाचे सायटोकाइन सोडू लागतात. मेगाकॅरिओसाइट, म्हणजे प्लेटलेटच्या जनकपेशी, यांमधून येणारा टीजीएफ-बीटा अस्थिमज्जेत तंतू साठवतो. रुक्सोलिटिनिब हे जॅक रोखणारे औषध २०११ मध्ये आले. त्याच्या एका मुख्य चाचणीत २४ आठवड्यांनी प्लीहेचे आकारमान किमान ३५ टक्के घटलेल्या रुग्णांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४१.९ टक्के आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्यांत ०.७ टक्के होते. हा बदल नसलेल्या रुग्णांनाही त्याचा लाभ होतो, मात्र रोगी पेशींचा वाटा त्याने बहुधा फारसा घटत नाही. म्हणजे औषध कोणता टप्पा गाठते आणि कोणता गाठत नाही, हे निरोपाच्या नकाशावर बोट ठेवून सांगता येते.

आकडा खपावरही ठरतो

रक्तातील पातळी वाढली म्हणजे उत्पादन वाढले, ही समजूत येथे अनेकांना फसवते. थ्रॉम्बोपोएटिन यकृतात तयार होते आणि प्लेटलेट व त्यांच्या जनकपेशी ते शोषून घेतात. अप्लास्टिक अॅनिमियामध्ये, म्हणजे अस्थिमज्जा रिकामी होत जाणाऱ्या विकारात, शोषणाऱ्या पेशीच उरत नसल्याने त्याची पातळी खूप वाढलेली सापडते. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनियामध्ये, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते त्या विकारात, प्लेटलेट तितक्याच कमी असल्या तरी जनकपेशी शाबूत असतात, म्हणून पातळी सामान्य किंवा किंचितच वर असते. दोन्ही रुग्णांच्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेटचा आकडा सारखा दिसेल. थ्रॉम्बोपोएटिनचा आकडा मात्र मज्जेत काय शिल्लक आहे हे सांगून जातो.

यातून उभा राहणारा एक पेच मनोरंजक आहे. अप्लास्टिक अॅनिमियात थ्रॉम्बोपोएटिन आधीच भरपूर असताना त्याच ग्राहीला उद्दीपित करणारे एल्ट्रोम्बोपॅग हे औषध उपयोगी का पडावे? प्रयोगांतून असे दिसले, की या रोगात वाढलेला इंटरफेरॉन-गॅमा थ्रॉम्बोपोएटिनला बिलगतो आणि ग्राहीपर्यंत नीट पोहोचू देत नाही. एल्ट्रोम्बोपॅग ग्राहीवर दुसऱ्याच जागी बसत असल्याने त्याला ही अडवणूक होत नाही. निरोप पाठवला गेला होता, भरपूर पाठवला गेला होता. तो कानापर्यंत पोहोचत नव्हता.

एरिथ्रोपोएटिनच्या बाबतीत नियम सोपा आहे: ते हिमोग्लोबिनशिवाय कधीच वाचू नये. हिमोग्लोबिन उतरले की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन वाढायला हवे. रक्तक्षय असूनही ते ‘सामान्य’ मर्यादेत असेल तर ते त्या रुग्णासाठी अपुरे आहे, आणि मूत्रपिंडाच्या विकाराची किंवा दाहाची शंका घ्यावी लागते. उलट हिमोग्लोबिन चढलेले असताना एरिथ्रोपोएटिन सामान्यापेक्षा कमी असेल, तर मज्जा हुकमाशिवाय काम करते आहे असा अर्थ होतो, आणि म्हणूनच पॉलिसायथेमिया व्हेरा या तांबड्या पेशी अति वाढणाऱ्या विकाराच्या निदानात ही पातळी एक गौण निकष मानली जाते.

नमुना कसा घेतला ते विचारावे

सायटोकाइन पिकोग्रॅममध्ये मोजले जातात, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. निरोगी माणसाच्या रक्तात मिलिलीटरमागे इंटरल्यूकिन-६ चे काही थोडेच पिकोग्रॅम असतात. इतक्या सूक्ष्म मोजमापात नळीतील हलगर्जीपणाही रोगासारखा दिसू शकतो. रक्त काढल्यावर नळीतल्या पांढऱ्या पेशी जिवंतच असतात. नमुना तासन्‌तास तसाच राहिला तर त्या तेथेही सायटोकाइन सोडतात. टीजीएफ-बीटाचे तर विशेषच आहे: प्लेटलेटमध्ये त्याचा मोठा साठा असतो, रक्त गोठताना तो बाहेर पडतो, आणि त्यामुळे सीरममध्ये मोजलेला आकडा रुग्णाच्या शरीरापेक्षा नळीतल्या गुठळीची हकीकत सांगतो. तो मोजायचा तर प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्मात, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्तातील द्रवात, मोजावा लागतो. संशोधनलेख वाचताना मी निष्कर्षाआधी ‘पद्धती’चा भाग उघडतो तो एवढ्यासाठीच: सीरम की प्लाझ्मा, किती वेळात वेगळे केले, किती वेळा गोठवून वितळवले, हे तेथे नसेल तर पुढील आलेख कितीही देखणे असले तरी त्यांना अर्धेच गुण द्यावेत. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे किंवा वेगळ्या संचांचे आकडे एका रेषेवर मांडून ‘वाढले’ वा ‘घटले’ असेही म्हणू नये.

शिवाय अनेक सायटोकाइन रक्तात काही मिनिटेच टिकतात. त्यामुळे निरोपापेक्षा त्याचे पाऊल शोधणे पुष्कळदा अधिक विश्वासार्ह ठरते. इंटरल्यूकिन-६ चे पाऊल म्हणजे सीआरपी, जे यकृत त्याच्या सांगण्यावरून बनवते आणि ज्याचा अर्धायुकाल सुमारे १९ तासांचा आहे. इंटरफेरॉन-गॅमाचे पाऊल म्हणजे सीएक्ससीएल-९ हा केमोकाइन. हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, म्हणजे एचएलएच, या जीवघेण्या विकारात प्रतिकारपेशी आणि भक्षकपेशी एकमेकींना चिथावत राहतात. त्याचे २००४ चे आठ निकष पाहिले तर त्यांत सायटोकाइनचा एकही थेट आकडा नाही. त्यात ताप, वाढलेली प्लीहा, किमान दोन प्रकारच्या रक्तपेशींची घट, चढलेले ट्रायग्लिसराइड किंवा उतरलेले फायब्रिनोजेन, मिलिलीटरमागे ५०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक फेरिटिन, इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचा रक्तात सुटून आलेला तुकडा असे निकष आहेत, आणि आठांपैकी पाच जुळावे लागतात.

वेळ आणि औषध यांची सांगड

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारसंस्थेच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बदलून कर्कपेशींवर सोडल्या जातात आणि त्यानंतर काही दिवसांत सायटोकाइनचे वादळ उठू शकते. त्याचे नाव सायटोकाइनवरून पडले असले तरी त्याची तीव्रता ठरवण्याची २०१९ साली प्रसिद्ध झालेली सर्वमान्य श्रेणी ताप, रक्तदाब आणि प्राणवायूची गरज यांवर आधारलेली आहे. कारण उघड आहे: सायटोकाइनचा अहवाल येईपर्यंत रुग्णाची स्थिती बदललेली असते, तर रक्तदाब खाटेजवळ लगेच मोजता येतो.

या वादळावर वापरले जाणारे टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ला पकडत नाही, ते त्याचा ग्राही झाकते. ग्राहीशी जोडले जाऊन पेशीत ओढले जाणे हा इंटरल्यूकिन-६ च्या निचऱ्याचा एक मार्ग असल्याने, औषध दिल्यावर रक्तातील त्याची पातळी आणखी चढते. नातेवाइकांनी किंवा नवख्या विद्यार्थ्याने तो आकडा पाहून उपचार फसला असे समजणे अगदी साहजिक आहे, परंतु त्याच वेळी ताप उतरत असेल आणि सीआरपी खाली येत असेल, तर निरोप ऐकला जाणे थांबले आहे. म्हणून अशा रुग्णाच्या अहवालावर औषधाच्या मात्रेची तारीख आणि वेळ लिहूनच पुढचे आकडे वाचावेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: या वादळातील इंटरल्यूकिन-६ मोठ्या प्रमाणात भक्षककुळातील पेशींकडून येते, टी-पेशी ती ठिणगी टाकतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. ग्राही झाकूनही लढाऊ टी-पेशींचे काम चालू राहते, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

दाव्याची कसोटी : निरोप अडवला तर रोग बदलतो का?

‘अमुक कर्करोगात तमुक सायटोकाइन वाढलेले आढळले’ अशा बातमीवर पहिला प्रश्न असा करावा, की ते अडवून पाहिले आहे का आणि पाहिले असेल तर काय झाले. सिल्टुक्सिमॅब हे इंटरल्यूकिन-६ ला पकडणारे प्रतिपिंड बहुकेंद्री कॅसलमन विकारात (अनेक ठिकाणच्या लसिकाग्रंथी सुजणाऱ्या दुर्मिळ विकारात) वापरले गेले तेव्हा ५३ पैकी १८ रुग्णांना टिकाऊ प्रतिसाद मिळाला, आणि प्लासिबो घेणाऱ्या २६ जणांपैकी एकालाही तो मिळाला नाही. २०१४ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. तेच औषध मायलोमामध्ये बोर्टेझोमिब या त्या रोगावरील औषधाच्या जोडीने दिले तेव्हा रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ लक्षणीय वाढला नाही. सायटोकाइन एकच आहे, दोन्ही रोगांत ते सक्रिय आहे. पण कॅसलमनमध्ये ते रोगाचा कणा आहे, तर मायलोमाच्या पेशींनी तगून राहण्यासाठी दुसरे निरोप आणि स्वतःचे जनुकीय बदल हाताशी ठेवलेले असतात.

दुसरे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवर इंटरल्यूकिन-१-बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. हृदयविकाराच्या घटना घटल्याच, शिवाय जास्त मात्रा घेतलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यूही कमी नोंदले गेले. मात्र कर्करोग हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. पुढे फुफ्फुसाच्या कर्करोगावरच आखलेल्या मोठ्या चाचण्यांत हे औषध अपेक्षित लाभ दाखवू शकले नाही. झालेला रोग बरा करणे आणि होऊ घातलेला रोग मागे लोटणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, त्यामुळे मूळ कल्पना अजून मोडीत काढता येत नाही. पण मुख्य उद्दिष्ट आणि ओघात सापडलेले निरीक्षण यांत फरक करायला या प्रकरणाइतके चांगले साधन क्वचितच मिळेल.

निरोप वाढवून उपचार करण्याच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावावी, फक्त ऐकणारे किती आहेत हे अधिक बारकाईने मोजावे. इंटरल्यूकिन-२ मोठ्या मात्रेत देण्यास १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि थोड्या रुग्णांत रोग दीर्घकाळ नाहीसा झाला. परंतु तोच निरोप प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी अधिक तीव्रतेने ऐकतात, आणि केशवाहिन्यांतून द्रव पाझरू लागल्याने रक्तदाब कोसळतो. इंटरफेरॉन-गॅमा टी-पेशींना कर्कपेशी ओळखायला मदत करतो, आणि त्याच कर्कपेशींना टी-पेशींना थोपवणाऱ्या पीडी-एल-१ या प्रथिनाची ढाल उभारायलाही लावतो.

रुग्ण आधीच असे औषध घेत असेल तर दोन गोष्टी घरच्यांनी लिहून ठेवाव्यात. रुक्सोलिटिनिब स्वतःहून एकाएकी बंद करू नये. दबलेले निरोप काही दिवसांत उसळून येतात आणि ताप, थकवा व प्लीहेची वाढ परत दिसू लागते. आणि टोसिलिझुमॅब किंवा सिल्टुक्सिमॅब घेतलेल्या रुग्णात सीआरपी वाढण्याचा मार्गच अडवलेला असल्याने, जंतुसंसर्ग असतानाही ते अगदी कमी येऊ शकते. तापही अशा वेळी दबलेला असतो. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात किंवा नव्या डॉक्टरांकडे जाताना औषधाचे नाव आणि शेवटच्या मात्रेची तारीख सर्वांत आधी सांगावी, आणि धाप, गोंधळलेपणा किंवा लघवी कमी होणे असे काही दिसले तर सीआरपी चांगले आहे म्हणून थांबू नये.